जामीन राहिलेला गिअरबॉक्स

आमच्या घराण्यात आजवर कोणी इतिहास घडवलेला नाही. पण दुसऱ्याने घडवलेल्या इतिहासाला जामीन राहण्याची परंपरा मात्र जुनी आहे. आजोबा गावातल्या एकाच्या बैलजोडीला जामीन राहिले होते. बैल गेले, माणूस गेला, आजोबा फेडत राहिले. वडील एकाच्या पंपाच्या कर्जाला जामीन राहिले. विहिरीला पाणी लागलं नाही, पण वडिलांच्या तोंडचं पळालं. मी तिसऱ्या पिढीचा. शिकलासवरलेला, बी.कॉम. झालेला, त्यातून बँकेत कारकून. 'जामीन राहण्याआधी नीट विचार करा' हे रोज चार जणांना सांगण्याचा मला पगार मिळतो. म्हणून मी पुष्कळ विचार केला आणि पुतण्याच्या मोटारीच्या कर्जाला जामीन राहिलो.

पुतण्या म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा मुलगा. दोन वर्षं नोकरीसाठी अर्ज केल्यावर त्याने ठरवलं, की आपल्याला नोकरी करायचीच नाही. (आपल्याकडचे पुष्कळ स्वाभिमानी निर्णय असेच होतात.) मुरुडहून माणसं घ्यायची, तुळजापूर, पंढरपूर, शिर्डी करून आणायची आणि चार पैसे मिळवायचे, असा बेत. जुनी पण टापटीप डिझेल मोटार, पिवळी पाटी आणि पाच वर्षांचे हप्ते. पहिले आठ महिने हप्ते घड्याळासारखे आले. नवव्या महिन्यात तो घरी आला आणि पायरीवरूनच म्हणाला, "काका, गाडीची ताकद वाढवून आणलो."

"म्हणजे? इंजिन बदललास?"

"नाही ओ. पान्याला हातसुद्धा लावला नाही. लॅपटॉप जोडला, अर्ध्या तासात काम झालं."

आमच्या बँकेत लॅपटॉप जोडल्यावर अर्ध्या तासात फक्त लॅपटॉप सुरू होतो. त्यामुळे मला कौतुकच वाटलं.

त्याने मला समजावून सांगितलं ते असं. हल्लीच्या डिझेल मोटारीत किती डिझेल फवारायचं आणि हवा किती दाबाने कोंबायची, हे एक छोटा संगणक ठरवतो. कंपनीने त्यात जे आकडे भरलेले असतात, ते जरा हात राखूनच भरलेले असतात. ते आकडे बदलले, की तेच इंजिन जास्त जोर लावतं. घाटात ए.सी. लावला की मरगळणारी गाडी वाघासारखी चढते. कंपनीचा टॉर्क १९० न्यूटन मीटर होता, तो आता २५० झाला.

टॉर्क म्हणजे काय, हे मला कळेना. त्याने पाण्याच्या बाटलीचं झाकण पिळून दाखवलं. म्हणजे टॉर्क म्हणजे पीळ! हे त्याने आधीच मराठीत सांगितलं असतं, तर एवढा वेळ लागला नसता. सुंभ जळलं तरी पीळ जात नाही, ही म्हण आमच्या घरात रोजच्या वापरातली आहे. बहुतेक वेळा ती माझ्यासंबंधीच वापरली जाते.

महिनाभर गाडी खरंच वाघासारखी पळाली. मग वाघाला धाप लागू लागली. लातूरच्या सरळ रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला, की इंजिन वरच्या पट्टीत गायला लागायचं, पण काटा काही पुढे सरकायचा नाही. जोडीला जळक्या रबरासारखा वास. मिस्त्रीने एका हुंगण्यात निदान केलं, "क्लच सरकायलाय."

क्लचचं काम सोपं आहे. दोन ताटं एकमेकांवर घट्ट दाबून धरा आणि एक फिरवा, दुसरंही फिरतं. एक ताट इंजिनाचं, दुसरं गिअरबॉक्सचं. किती दाबायचं हे स्प्रिंग ठरवते, आणि स्प्रिंग कंपनीने १९० च्या हिशेबाने बसवलेली. आता वरचं ताट २५० च्या पिळाने फिरायला लागलं. खालचं बिचारं म्हणालं, 'तुम्ही व्हा पुढे, मी आलोच,' आणि तिथेच घासत बसलं.

यावर शहाण्या माणसाने काय करावं? आकडे पुन्हा पहिल्यासारखे करून घ्यावेत. पण पीळ एकदा अंगात आला, की उतरत नाही. पुतण्याने पुण्याहून कडक स्प्रिंगचा क्लच मागवून बसवला. आमच्या गल्लीत एकाच्या घरचा फ्यूज वारंवार उडायचा, म्हणून त्याने फ्यूजमध्ये जाड तार घातली होती. पुढे फ्यूज कधीच उडाला नाही, मीटर जळालं. मी ही गोष्ट पुतण्याला सांगितली. तो म्हणाला, "काका, ते इलेक्ट्रिकचं आहे. हे मेकॅनिकल आहे."

पंधरा दिवसांनी पंढरपूरहून पाच वारकरी मंडळींना घेऊन परत येताना, येडशीच्या घाटात, दुसऱ्या गिअरवर, मेकॅनिकलनेही इलेक्ट्रिकसारखंच केलं. क्लच आता सरकत नव्हता. त्यामुळे सगळा पीळ सरळ गिअरच्या दातांवर गेला. कडाड असा आवाज झाला. आधी दात गेले, मग त्या दातांचे तुकडे खाऊन बाकीच्या चाकांना अजीर्ण झालं. मंडळींनी 'पुंडलिक वरदे' म्हणत एस.टी. धरली. गाडी दोरीने बांधून मुरुडला आली. मिस्त्रीने गिअरबॉक्स उघडला, परातीत तेल ओतलं, तेलातून दात वेचले आणि मला दाखवत म्हणाला, "सायेब, इंजिनाला पैलवान केलासा, पण गुडघे म्हाताऱ्याचेच राहिले की."

खर्च अडुसष्ट हजार. विमा अपघाताचा होता, अकलेचा नव्हता. गाडी उभी, म्हणजे भाडं बंद. भाडं बंद, म्हणजे हप्ता बंद. हप्ता बंद, म्हणजे जामीनदार सुरू. शेवटी वहिनींनी पाटल्या काढल्या. सोनेतारणाच्या कर्जाचं टेबल त्या आठवड्यात माझ्याकडेच होतं. सोनाराने पाटल्या तोलल्या, कसाला लावल्या आणि वजन सांगितलं. मी ते लिहून घेतलं. वहिनी समोरच्या खुर्चीत बसल्या होत्या, हात पदराखाली घेऊन. त्यांच्या लग्नात त्याच पाटल्या मी करवल्याच्या ऐटीत डबीतून मिरवत आणल्या होत्या. त्या दिवशी फॉर्मवर 'वस्तूचे वर्णन' या रकान्यात मी 'पाटल्या, नग दोन' एवढंच लिहिलं. त्या रकान्यात जागाही तेवढीच असते.

त्या रात्री झोप लागेना. ताळा जुळला नाही, की मागची पानं उलटायची, ही वाणिज्य शाखेची शिकवण. तेव्हापासून मी मोटारीच्या इतिहासाची मागची पानं उलटू लागलो, ती थेट १८८८ पर्यंत गेलो.

त्या वर्षी जर्मनीत बर्था बेंझ नावाच्या बाई नवऱ्याला न सांगता त्याची तीनचाकी मोटार घेऊन माहेरी निघाल्या. बरोबर दोन मुलगे. मानहाइम ते फोर्झहाइम, शंभर किलोमीटरहून जरा जास्त. मोटारीचा शोध नवरा कार्ल बेंझ याने लावला होता, पण एवढ्या लांब ती कोणी नेली नव्हती. सपाटीवर गाडी ठीक चालली. चढ आला की दम तुटायचा आणि मुलं खाली उतरून ढकलायची. माहेरपण आटोपून आल्यावर बाईंनी नवऱ्याला सांगितलं, की चढासाठी आणखी एक गिअर पाहिजे. नवऱ्याने तो बसवला. बायकोचं ऐकून यंत्रात सुधारणा झाल्याचं हे मोटारीच्या इतिहासातलं पहिलं उदाहरण असावं. लक्षात घ्या, बाईंनी इंजिनाची ताकद वाढवून मागितली नाही. आहे तीच ताकद चाकापर्यंत नीट पोचवा, एवढंच म्हणाल्या. घर चालवलेल्या बाईला हा फरक कळतो.

पुढे फ्रान्समध्ये लव्हासोर याने दातेरी चाकं दांडीवर सरकवून एकमेकांत अडकवायची युक्ती काढली. तिच्याच नातवंडा-पतवंडांवर आपण आजही गाडी चालवतो. ही युक्ती रांगडी आहे, पण चालते, अशा अर्थाचं काहीसं तो म्हणाल्याचं सांगतात. म्हणजे गिअरबॉक्सबद्दल त्याच्या जन्मदात्यानेही फार चांगलं बोललेलं नाही.

मग जीप आली. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचं इंजिन साठ अश्वशक्तीचं. सैन्यात ती जीप धावली, उडाली, चिखलातून निघाली. युद्ध संपताना, १९४५ साली, कंपनीने तीच जीप शेतकऱ्यांसाठी काढली. इंजिन बहुतांशी तेच, ताकद तीच. पण गिअरबॉक्स मात्र आधीचा बदलून जास्त दणकट बसवला. का? तर शेतकरी हिला नांगर लावणार, ट्रॉली लावणार, दिवसभर पहिल्या गिअरमध्ये रेटणार. शत्रूच्या गोळ्यांपेक्षा शेतकऱ्याचा नांगर गिअरबॉक्सला जड जातो, हे त्या लोकांनी ओळखलं होतं. याच वंशातली जीप स्वातंत्र्यानंतर महिंद्र कंपनीने आपल्याकडे आणली. मराठवाड्यातल्या रस्त्यांवर पुढे तिने किती माणसं वाहिली, ते मोजायला जनगणना खातंच पाहिजे. त्या जीपमध्ये बसलेल्यांची संख्या नेहमी 'आणखी दोन बसतील' अशीच असायची.

आपल्या देशातल्या मोटारींनीही हाच धडा गिरवला. १९८४ साली काँटेसा नावाची लांबरुंद, ऐटबाज गाडी निघाली. तिच्या पोटात इंजिन मात्र अँबेसिडरचं, १४८९ सी.सी.चं. श्रीमंताघरच्या पोरीला शाळामास्तरच्या पगारावर नांदायला पाठवावं तसा प्रकार. पुढे कंपनीने जपानच्या इसुझूचं अठराशे सी.सी.चं इंजिन आणलं, तेव्हा त्याच्याबरोबर पाच गिअरांचा नवा गिअरबॉक्सही आणला. नव्वदच्या दशकात अँबेसिडरला तेच इंजिन मिळालं, तेव्हाही पाच गिअरांचा गिअरबॉक्स सोबत आलाच. १९८५ ची प्रीमियर ११८ एनई घ्या. अंग फियाट १२४ चं, इंजिन निस्सानचं आणि गिअरबॉक्सही निस्सानचाच. जपान्यांनी नवरदेव एकटा कधी पाठवला नाही, करवली नेहमी बरोबर दिली.

आणि उलटं उदाहरण मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनीचं. १०८९ सी.सी.चं माफक इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर चार गिअरांची काठी. पुढे न्यायालयाच्या आदेशानंतर टॅक्सी गॅसवर आल्या. गॅसवर इंजिनाचा जोर थोडा कमीच होतो. गिअरबॉक्सने याबद्दल कधी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली. आमच्या बँकेतून निवृत्त होणाऱ्याला देतात तसा तिलाही निरोप मिळाला. दोघांच्याही सेवेचं वैशिष्ट्य एकच : वेग नव्हता, पण रोज आली.

एवढं वाचून झाल्यावर लक्षात आलं, की जर्मनी-फ्रान्सला जायची काही गरज नव्हती. हा धडा आमच्या मुरुडच्या स्टेशनावरून शंभर वर्षांपूर्वीच गेला होता, आणि तोसुद्धा शिट्टी वाजवत.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने बार्शी लाइट रेल्वे काढली. अडीच फूट रुंदीचा रूळ. १८९७ साली ती कुर्डुवाडीजवळच्या बार्शी रोडपासून बार्शीपर्यंत सुरू झाली आणि १९११ साली आमच्या मुरुडवरून लातूरला पोचली. तेव्हा आम्ही निजामाच्या राज्यात होतो. या गाडीच्या मंदपणाचे किस्से आमच्याकडे ज्वारीच्या पोत्याने आहेत. धावत्या गाडीतून उतरून शेंगा उपटून पुन्हा त्याच डब्यात चढलेला माणूस आमच्या प्रत्येक घराण्यात एकतरी असतोच. आमच्या घराण्यातले ते आजोबा. पण कॅलथ्रॉप हा चेष्टेचा विषय नव्हता. त्याने एक नियम केला होता. इंजिन असो, डबा असो की वाघीण असो, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये. लीड्सच्या किटसन कंपनीकडून त्याने भारी इंजिनं करून घेतली. पण त्यांना चाकंही भरपूर लावली, म्हणजे वजन सगळ्यांत वाटलं जाईल. ताकद किती आहे हे तो पाहायचाच, पण ती खालच्या हलक्या रुळाला झेपेल का, हे आधी पाहायचा. त्याच्या रुळाला कोणी जामीन राहिलं असतं, तर त्याला शांत झोप लागली असती.

२००८ पर्यंत कुर्डुवाडी ते लातूर हा अरुंद रूळ जाऊन रुंद रूळ आला. आणि मग २०१६ चा एप्रिल उजाडला. लातूरला प्यायला पाणी नव्हतं. मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली आणि १२ एप्रिलला लातूरला पोचली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर. एकूण पाच लाख लिटर. पुढे पन्नास-पन्नास वाघिणींच्या गाड्या आल्या. आमच्या मुरुडवरूनच त्या गेल्या. आम्ही रुळाकडेला उभे राहून पाणी जाताना पाहायचो. लग्नाच्या वरातीकडेसुद्धा इतक्या भक्तिभावाने कोणी पाहत नाही. हिशेब करून पाहा. एका वाघिणीत नुसतं पाणीच पन्नास टन. आस चार. म्हणजे पाण्याचाच भार एका आसावर साडेबारा टन, वाघिणीचं लोखंड वेगळं. कॅलथ्रॉपच्या पाच टनांच्या रुळावर ती गाडी घातली असती, तर पाणीही गेलं असतं आणि रूळही. आधी रूळ बदलला होता, पूल बदलले होते, म्हणून लातूर पाणी प्यालं.

आता वाचक विचारतील, की हे सगळं एका बँकेतल्या कारकुनाच्या मनाला इतकं का लागावं? सांगतो. मी स्वतःच गिअरबॉक्स आहे.

इंजिन दिल्लीत किंवा मुंबईत असतं. चाकं मुरुडच्या बाजारात असतात. मध्ये काउंटरवर मी. १९ जुलै १९६९ ला चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा मी जन्मलो नव्हतो, पण त्या काळचे आमचे वडीलधारे सहकारी सांगायचे, की योजना गाडीभर यायच्या आणि माणसं तेवढीच असायची. ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र तर मी स्वतः भोगली आहे. पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या, दोन हजारांची नवी नोट आली. पण ती आकाराने वेगळी! देशभरातल्या दोन लाखांहून जास्त एटीएम यंत्रांच्या कप्प्यांत ती बसेना. प्रत्येक यंत्राचा कप्पा माणूस पाठवून जुळवून घ्यावा लागला. इंजिनाचा पीळ एका भाषणात वाढला. दात मात्र एकेक करून बसवावे लागले. तोपर्यंत यंत्राचं काम आम्ही हातांनी केलं. दिवसाला शेकडो माणसं, बोटाला शाई, रात्री अकराला ताळा. तिसऱ्या आठवड्यात माझाही क्लच सरकायला लागला होता. ग्राहक मोठ्याने बोलायचे आणि मी जागचा हलायचो नाही. जळका वासही येत असावा, कारण बायको म्हणाली, "अहो, जरा सुट्टी घ्या." बर्था बेंझच्या जातीचीच ती!

शेवटी एका रविवारी पुतण्याला समोर बसवलं. रागावलो नाही. कॅलथ्रॉपची गोष्ट सांगितली, पाण्याच्या रेल्वेचा हिशेब कागदावर करून दाखवला. तो बराच वेळ त्या साडेबाराच्या आकड्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "काका, ताकद वाढवताना मी इंजिनालाच विचारलो होतो."

"अरे, इंजिन हो म्हणणारच. त्याला काय वाहून न्यायचंय?"

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा लॅपटॉपवाल्याकडे गेला आणि आकडे होते तसे करून आला. जुन्या बाजारातून गिअरबॉक्स मिळाला, क्लच कंपनीच्या मापाचा बसला. घाटात आता तो ए.सी. बंद करतो, काचा खाली करतो आणि प्रवाशांना म्हणतो, "रामलिंगाची हवा घ्या, औषधी असते." पाच महिने हप्ते मी भरले, नंतर त्याने. वीस महिन्यांनी वहिनी पाटल्या सोडवायला बँकेत आल्या. मी डबी उघडून समोर ठेवली, पावतीवर सही घेतली. पाटल्या हातात चढवून त्यांनी मनगट एकदा फिरवून पाहिलं आणि म्हणाल्या, "भाऊजी, आता धाकट्याला ट्रॅक्टर घ्यायचाय म्हणे. जामीन पाहिजे."

मी पुष्कळ विचार करतो आहे. आमच्या घराण्यात यापुढे काय होतं, हे वाचकांना आता ठाऊक आहेच.